गोवा १९६१ : आक्रमण की मुक्ती?

मुंबई-गोवा महामार्गावर कसालला मालवणचा फाटा लागतो. तो सोडून सरळ दक्षिणेला गेलं की कुडाळ, झाराप, बांदा आणि तासाभरात पत्रादेवी. आज इथे फक्त राज्य बदलतं. डिसेंबर १९६१ पर्यंत मात्र इथे देश बदलायचा. पलीकडे पोर्तुगालची सत्ता होती.

ही सीमा भारताने लष्कराच्या बळावर पुसली. ते आक्रमण होतं की मुक्ती? हा वाद थेट संयुक्त राष्ट्रांत पोहोचला होता.

सीमा आली कुठून?

पत्रादेवीच्या पलीकडचा पेडणे भाग १७८८ पर्यंत सावंतवाडी संस्थानात होता. नंतर तो पोर्तुगीजांकडे गेला. राज्यकर्ते बदलले, पण बोली, देवस्थानं आणि सोयरिक तीच राहिली.

अभ्यासक बेनेडिक्ट अँडरसन यांच्या मते, एकमेकांना कधीही न भेटलेली माणसं 'आपण एक' अशी कल्पना करतात, तेव्हा राष्ट्र तयार होतं. इथे उलट घडलं. नात्यातली माणसंच कागदावर दोन देशांची झाली.

पोर्तुगालने १९५१ मध्ये राज्यघटना बदलून आपल्या वसाहतींना 'सागरापारचे प्रांत' म्हणायला सुरुवात केली. म्हणजे गोवा ही वसाहत नाही, तो पोर्तुगालच आहे, असा दावा. त्यामुळे स्वातंत्र्याच्या वाटाघाटींचा प्रश्नच उरला नाही.

आधी शांततेने प्रयत्न झाले का?

झाले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून गोव्यात शिरले. पोर्तुगीजांनी गोळीबार केला. वीसहून अधिक जण मारले गेले. पत्रादेवीला पंजाबचे कर्नैलसिंग बेनिपाल यांनी प्राण गमावले. तरीही पंतप्रधान नेहरूंनी सैन्य पाठवलं नाही. भारताने आर्थिक नाकेबंदी केली आणि ये-जा आवळली. त्याची झळ सीमेच्या दोन्ही बाजूंच्या घरांना बसली.

मग १९६१ मध्ये काय झालं?

१८ डिसेंबरला भारतीय सैन्य गोव्यात शिरलं. 'शेवटपर्यंत लढा' असा पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांचा आदेश होता. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी तो न पाळता १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. त्यामुळे मोठा रक्तपात टळला.

जगाचा आक्षेप काय होता?

समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९१९ मध्ये म्हटलं होतं, की आपल्या भूभागात वैध बळ वापरण्याचा हक्क फक्त आपलाच, हा दावा जी संस्था यशस्वीपणे करते ती राज्यसंस्था. देशाच्या आत पोलीस आणि कोर्ट असतात. देशांच्या वर मात्र असं कुणी नाही. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम २(४) दुसऱ्या देशाच्या भूभागाविरुद्ध बळाच्या वापराला मनाई करतं.

अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सने याच तत्त्वावर भारताला विरोध केला. सुरक्षा परिषदेत युद्धबंदी आणि सैन्यमाघारीच्या ठरावाला ११ पैकी ७ मतं पडली. सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला आणि ठराव बारगळला.

भारताचं म्हणणं वेगळं होतं. वसाहत म्हणजे बळाने मिळवलेली जमीन. ती सोडवणं हे आक्रमण कसं? डिसेंबर १९६० मध्येच आमसभेने वसाहतवाद संपवण्याचा ठराव केला होता आणि गोव्याला स्वयंशासन नसलेला प्रदेश ठरवलं होतं. सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक भारताच्या बाजूने उभे राहिले. पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते १९७४ मध्ये, तिथली हुकूमशाही कोसळल्यावर.

गोवेकरांना कुणी विचारलं?

भारतात यायचं का, यावर मतदान झालं नाही. पण १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. प्रश्न होता, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं? वेगळं राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली. भाषा आणि नाती जवळची असूनही गोव्याने आपली ओळख वेगळी ठेवली.

आज हे का महत्त्वाचं?

'आमची माणसं तिकडे आहेत, त्यांना सोडवायचंय' हे वाक्य आजही युद्धाआधी ऐकू येतं. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला करताना तसाच दावा केला. पण युक्रेन हा कुणाची वसाहत नसलेला स्वतंत्र देश होता. म्हणून असा दावा ऐकला, की तीन गोष्टी तपासाव्यात : समोरची सत्ता वसाहतवादी आहे का, शांततेचे मार्ग आधी वापरले का आणि नंतर तिथल्या लोकांना 'नाही' म्हणता आलं का? पत्रादेवीला आजही राज्याची हद्द आहे, कारण गोवेकरांना निदान महाराष्ट्राला तरी 'नाही' म्हणता आलं.