मुखवट्यामागचा कुलवृत्तांत

२० ऑक्टोबर २०१९ रोजी एचबीओवर 'वॉचमेन' या सुपरहिरो मालिकेचा पहिला भाग लागला, तेव्हा सुरुवातीला त्यात सुपरहिरो औषधालाही नव्हता. १९२१ सालचं टल्सा शहर, मूकपटाचं थिएटर, पियानो वाजवणारी आई आणि पडद्यावर डोळे खिळवून बसलेला एक लहान कृष्णवर्णीय मुलगा. बाहेर गोऱ्यांचा जमाव दुकानं पेटवतोय, माणसं टिपतोय, वर विमानं घिरट्या घालताहेत. हे सगळं कल्पित असावं असंच अनेक अमेरिकी प्रेक्षकांना वाटलं. पण ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत ओक्लाहोमातल्या टल्साची ग्रीनवूड ही सुखवस्तू कृष्णवर्णीय वस्ती खरोखरच बेचिराख झाली होती. मृतांचा आकडा ३०० पर्यंत असावा, असा अंदाज आहे. पाठ्यपुस्तकांनी या हत्याकांडाबद्दल कित्येक दशकं चकार शब्द काढला नव्हता.

ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या १९८६-८७ च्या मूळ कॉमिकमध्ये 'हूडेड जस्टिस' नावाचा एक मुखवटाधारी आहे. तोंडावर बुरखा, गळ्यात फास. तो कोण, हे तिथे शेवटपर्यंत उघड होत नाही. मालिकेचे कर्ते डेमन लिंडेलॉफ यांनी नेमकी तीच रिकामी जागा हेरली. (मूर यांचं नाव मात्र मालिकेच्या श्रेयनामावलीत शोधूनही सापडत नाही.) तो मुखवटाधारी म्हणजे थिएटरातला तो लहानगा विल, आणि आजच्या टल्सात मुखवटा घालून फिरणारी पोलीस अधिकारी अँजेला अबार त्याची नात. ती आपला वंशवृक्ष पाहायला ग्रीनवूडच्या वारसा केंद्रात जाते, तेव्हा पडद्यावर तिच्याशी बोलतात ते हेन्री लुई गेट्स. प्रत्यक्षात हे गृहस्थ नामवंतांची वंशावळ उलगडणारा टीव्ही कार्यक्रम करतात. इथे त्यांना थेट अमेरिकेचे अर्थमंत्री करून टाकलंय. ही खोडी मला फार आवडली.

या घराण्याचा सगळा दस्तऐवज म्हणजे एक चिठ्ठी. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी अमेरिकेच्या कृष्णवर्णीय सैनिकांसाठी पत्रकं काढली होती: ज्या देशात तुम्हाला माणूस म्हणून वागवत नाहीत, त्याच्यासाठी कशाला लढता? विलच्या सैनिक बापाने असं एक पत्रक जपून ठेवलेलं असतं. टल्सा जळत असताना त्याच्याच कोऱ्या बाजूवर तो लिहितो, की या पोराकडे लक्ष ठेवा, आणि ते मुलाबरोबर देतो. आईबाप जातात, चिठ्ठी उरते. आडनावही विल थिएटरातूनच उचलतो, पडद्यावरचा त्याचा लाडका मार्शल बास रीव्ह्ज याचं.

सहावा भाग या मालिकेचा कळस. अँजेला आजोबांच्या आठवणींच्या गोळ्या गिळते आणि त्यांच्याच कातडीत शिरून १९३८ चं न्यूयॉर्क जगते. बहुतेक सगळं कृष्णधवल. पोलिसात भरती झालेल्या विलला त्याचेच गोरे सहकारी झाडाला फास लावून टांगतात आणि जीव जायच्या आत, दम देऊन, खाली सोडतात. तोच फास गळ्यात आणि तोच बुरखा हातात घेऊन तो घरी निघालेला असताना वाटेत गुंडांच्या तावडीत सापडलेलं एक जोडपं दिसतं. तो बुरखा चढवतो. पुढे बायको जून सुचवते, की डोळ्यांभोवती पांढरा रंग लाव, म्हणजे लोक तुला गोरा समजतील. आणि लोक समजतातही. काही वर्षांनी त्याचा छोटा मुलगा आरशासमोर बसून आपल्या तोंडाला तोच रंग फासतो. विल पिसाळल्यासारखा तो पुसायला लागतो. त्या पुसण्यात संसार मोडतो. जून मुलाला घेऊन टल्साला निघून जाते. शक्ती नाही, किमया नाही; या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या झिरपत जातो तो संताप आणि तो लपवायची सवय. सुपरहिरोंचे अनाथपण आणि सूड आपण इतके पाहिलेत की त्यांना काही कारण लागतं, हेच विसरायला झालं होतं.

२०२० मध्ये मालिकेला ११ एमी मिळाले, त्यात या भागाच्या लेखनाचा एक. त्याच वर्षी जूनमध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतरच्या आंदोलनांच्या दिवसांत, एचबीओने ती तीन दिवस फुकट दाखवली. ऑक्टोबरात टल्साच्या ओकलॉन दफनभूमीत एक सामूहिक कबर सापडली. २०२१ मध्ये हत्याकांडाच्या शताब्दीला अध्यक्ष बायडन टल्साला गेले. वाचलेल्यांचा भरपाईचा दावा मात्र ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये फेटाळला.

आज मालिका पुन्हा पाहताना एक गोष्ट खटकते. अँजेला वाढली ती व्हिएतनाममध्ये, जे या कथाविश्वात अमेरिकेचं ५१ वं राज्य आहे. तिचे आईवडील सायगॉनमधल्या बॉम्बस्फोटात मरतात, पण तो बॉम्ब फोडणाऱ्यांचं म्हणणं कुणी ऐकून घेत नाही. लेडी ट्र्यू या व्हिएतनामी अब्जाधीश बाईचीही वंशकथा आहे, आणि ती शेवटी सरळसोट खलनायिकेच्या साच्यात बसवली जाते. तिच्या आईचा क्लोन असलेली छोटी बियान स्वप्नात पेटलेलं गाव पाहून दचकून उठते. टल्साच्या वाट्याला अख्खा कृष्णधवल भाग आला. या गावाच्या वाट्याला एवढं एक स्वप्न, तेही फक्त शब्दांत सांगितलेलं.