हडसन-अथेन्स दीपगृह : नदीवरील नौकानयन व संवर्धनाचा प्रश्न

प्रस्तावना :
दीपगृह म्हटले की सामान्यतः सागरकिनारा डोळ्यांसमोर येतो. तथापि नदीतील जलवाहतुकीसाठीही दीपगृहे उभारण्यात आली. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील हडसन-अथेन्स दीपगृह हे त्याचे उल्लेखनीय उदाहरण होय. प्रस्तुत लेखात त्याचे कार्य, रचना व सद्यःस्थिती यांचा विचार केला आहे.

दीपगृहाची गरज :
१८२५ मध्ये ईरी कालवा खुला झाला. त्यामुळे हडसन नदी ही न्यूयॉर्क शहराला अंतर्भागातील महासरोवरांशी जोडणाऱ्या जलमार्गाचा भाग बनली व तिच्यावरील वर्दळ वाढली. हडसन व अथेन्स ही गावे या नदीच्या समोरासमोरच्या काठांवर वसली आहेत. त्यांच्या दरम्यान पात्रात गाळाचा उथळ पट्टा होता. समुद्राच्या भरती-ओहोटीचा परिणाम येथपर्यंत जाणवत असल्याने भरतीच्या वेळी हा पट्टा पाण्याखाली दिसेनासा होई. धोका काठावर नसून पात्राच्या मध्यावर होता. म्हणून दीपगृहही पात्रातच बांधावे लागले.

रचना व कार्य :
हे दीपगृह १८७४ मध्ये सुरू झाले. नदीच्या तळात ठोकलेल्या लाकडी खांबांवर दगडी चौथरा व त्यावर विटांचे घर आणि दिव्याचा मनोरा, अशी त्याची रचना आहे. प्रवाहाच्या वरच्या अंगास चौथरा नावेच्या नाळेसारखा निमुळता केला आहे. हिवाळ्यात वाहत येणारे हिमखंड त्यावर आदळून दुभंगतात. धुक्यात दिवा दिसत नसे, तेव्हा घंटा वाजवून इशारा दिला जाई. दिवा स्वयंचलित होईपर्यंत दीपरक्षक तेथेच वास्तव्यास असत.

संवर्धनाचा प्रश्न :
गाळात पुरलेल्या लाकडास प्राणवायू मिळत नाही. त्यामुळे ते दीर्घकाळ टिकते. परंतु प्रवाहामुळे व मोठ्या जहाजांच्या पंख्यांनी ढवळलेल्या पाण्यामुळे खांबांभोवतीचा गाळ वाहून जात आहे आणि उघडे पडलेले लाकूड झिजत आहे. २०२४ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक वारसा संवर्धन न्यासाने सर्वाधिक धोक्यात असलेल्या ११ स्थळांच्या यादीत या दीपगृहाचा समावेश केला.

निष्कर्ष :
ज्या जहाजांना या दिव्याने वाट दाखविली, त्यांचीच वाढलेली शक्ती आज त्याच्या मुळावर आली आहे. अशा वास्तूंच्या संवर्धनात भिंती व मनोऱ्याची डागडुजी लोकांच्या नजरेत भरते. परंतु खर्चाचा पहिला हक्क पाण्याखालील पायाचा आहे. पाया खचल्यास वरची डागडुजी निरर्थक ठरेल.