जपानी ॲनिमे उद्योग : लोकप्रियता आणि अर्थकारण

जपानी चित्रमालिकांचा, म्हणजेच ‘ॲनिमे’चा, जागतिक लोकसंस्कृतीवरील प्रभाव समजून घेण्यासाठी त्यांचे अर्थकारण तपासणे अगत्याचे ठरते. ओसामू तेझुका यांची ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी फुजी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. दर आठवड्यास अर्ध्या तासाचा भाग सिद्ध करता यावा, यासाठी चित्रांची संख्या मर्यादित ठेवण्यात आली. प्रक्षेपणाच्या मोबदल्यातून खर्च भागत नसल्याने बालयंत्रमानव नायकाच्या प्रतिमेचे हक्क आणि परदेशातील विक्री यांचा आधार घेण्यात आला. मेइजी कंपनीच्या चॉकलेटसोबत मिळणारी त्याची स्टिकर्स मुलांच्या हाती गेली. त्याच वर्षी मालिका अमेरिकेतही पोहोचली. पुढे ‘पोकेमॉन’ने व्हिडिओ गेम, मालिका व खेळणी यांची हीच साखळी जगभर नेली.

मात्र या यशाचे वाटप विषम आहे. १९९० च्या दशकापासून रूढ झालेल्या ‘निर्मिती समिती’ पद्धतीत प्रकाशक, वाहिन्या व खेळणी उत्पादक भांडवल घालतात आणि हक्कही त्यांच्याकडेच राहतात. भांडवल न गुंतवणाऱ्या स्टुडिओस केवळ ठरलेला मोबदला मिळतो. परिणामी मालिका जगप्रसिद्ध होऊनही तिची चित्रे रेखाटणारा कलावंत अनेकदा तुटपुंज्या उत्पन्नावर काम करतो. लोकसंस्कृतीच्या अभ्यासात या श्रमाचीही दखल घेतली जाणे आवश्यक आहे.