मारानें बिघडलेलीं मुलें

घरांतील एखादें मूल चोऱ्या करूं लागलें, धाकट्या भावंडांस निर्दयपणें मारूं लागलें, शाळा चुकवून दिवसचे दिवस भटकूं लागलें, म्हणजे वडील मंडळींपैकीं कोणी तरी हटकून म्हणतें, “ह्याला एखाद्या कडक शिस्तीच्या वसतिगृहांत टाका, आपोआप सरळ येईल!” हा सल्ला अमलांत आणण्यापूर्वीं वाचकांनीं ऑस्ट्रियांतील एका वसतिगृहाची हकीकत ऐकावी, असें आम्हांस वाटतें.

पहिलें महायुद्ध संपलें त्या १९१८ सालीं व्हिएन्ना येथील ऑगस्ट आयखहॉर्न ह्या शिक्षकानें ओबरहोलाब्रुन गांवीं निर्वासितांच्या जुन्या छावणींत बिघडलेल्या मुलांसाठीं ही संस्था काढली. मुलांचे स्वभाव पाहून त्यानें त्यांचे निरनिराळे गट पाडले. परंतु १२ मुलगे असे निघाले कीं, ते कोणत्याच गटांत सामावेनात. क्षुल्लक कारणावरून ते एकमेकांवर चाकू घेऊन धांवत, जेवतांना सुपाचीं भांडीं फेकीत. त्यांची पूर्वपीठिका तपासतां एक गोष्ट सर्वांच्या बाबतींत सारखी आढळली. घरीं त्यांना बेसुमार मार मिळाला होता. माया मात्र मिळाली नव्हती.

मारानें जें बिघडलें तें मारानें कसें सुधारावें? आयखहॉर्ननें सहकाऱ्यांस सांगितलें, कोणास इजा होऊं देऊं नका. परंतु हात उगारूं नका, रागावूंहि नका. प्रथम दंगा वाढतच गेला. तावदानें फुटलीं, दारांवर लाथा बसल्या. परंतु कितीहि डिवचलें तरी समोरचा माणूस मारीत नाहीं, हें उमगल्यावर त्या दांडगाईंतला जोर ओसरला. रागाच्या झटक्याचा शेवट रडण्यांत होऊं लागला, आणि संभाळणाऱ्यांविषयीं त्या मुलांस ओढ वाटूं लागली. मग त्यांना नीटनेटक्या नव्या जागेंत नेण्यांत आलें. आयखहॉर्नचे हे अनुभव १९२५ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाले. त्यास सिग्मंड फ्रॉइडनें प्रस्तावना लिहिली.

ह्याचा अर्थ घरोघर मुलांस मोकाट सोडावें असा नव्हे. मोडतोड सोसण्याजोगी जागा आणि चोवीस तास शांत राहणारीं जाणतीं माणसें तेथें होतीं. म्हणूनच तो प्रयोग साधला. मुलास घराबाहेर ठेवण्याची वेळ खरोखरच आली, तर आधीं मानसोपचार जाणणाऱ्या डॉक्टरांचा विचार घ्यावा. संस्था पाहतांना इमारतीपेक्षां तेथील माणसें पाहावीं. मुलानें अपराध केल्यास तेथें काय करतात, आणि आईबापांस त्याला भेटूं देतात कीं नाहीं, हे दोन प्रश्न निःसंकोच विचारावे.

आणि एक प्रश्न स्वतःस विचारावा. मूल अखेर परत यावयाचें तें आपल्याच घरीं. तेथें आजीनें झांकावें, काकांनीं बडवावें आणि आईनें कोपऱ्यांत रडावें, हाच क्रम पूर्ववत् चालला, तर वसतिगृहानें कमावलेलें किती दिवस टिकणार?