बाह्यग्रहांवरील जीवसृष्टीचा शोध आणि वातावरणीय प्रतिमाने

प्रस्तावना
सूर्याव्यतिरिक्त अन्य ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांना बाह्यग्रह म्हणतात. त्यांच्या वातावरणाचा नमुना प्रत्यक्ष तपासणे शक्य नाही. मात्र ग्रह ताऱ्यासमोरून जात असता ताऱ्याचा काही प्रकाश ग्रहाच्या वातावरणातून पार होतो व तेथील वायू विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतात. या वर्णपटाचा अर्थ लावणारी गणिती प्रतिमाने जीवसृष्टीविषयी कितपत ग्वाही देऊ शकतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रतिमानाचे स्वरूप
तापमान, दाब, ढग व वायूंचे प्रमाण यांची मूल्ये गृहीत धरून संगणकाद्वारे वर्णपट तयार केला जातो. असे असंख्य वर्णपट निरीक्षणांशी ताडून सर्वाधिक संभाव्य वातावरण ठरविले जाते. परंतु जो वायू प्रतिमानात समाविष्टच नाही, तो उत्तरातही येत नाही, ही या पद्धतीची मूलभूत मर्यादा होय.

के२-१८ बी : एक उदाहरण
हा ग्रह सिंह तारकासमूहात सुमारे १२४ प्रकाशवर्षे दूर असून त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ८.६ पट आहे. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून तेथे मिथेन व कार्बन डायऑक्साइड असल्याचे जाहीर झाले. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील निक्कू मधुसूदन व त्यांच्या सहकाऱ्यांनी डायमिथाइल सल्फाइड किंवा तत्सम संयुगाचे संकेत मिळाल्याचे प्रतिपादन केले. पृथ्वीवर हा वायू मुख्यत्वे सागरी प्लवकांमुळे निर्माण होतो. तथापि हे संकेत तीन सिग्मा पातळीचे होते. शोध निर्विवाद मानण्यासाठी सामान्यतः पाच सिग्मा अपेक्षित असतात. पुढे अन्य संशोधकांनी तीच निरीक्षणे निराळ्या प्रतिमानांनी तपासली, तेव्हा त्यांना पुरेसा पुरावा आढळला नाही. अधिक वायू विचारात घेतल्यास इतर संयुगेही तोच वर्णपट स्पष्ट करू शकतात, असे दिसून आले.

वायू आणि जीवन
वायू निश्चितपणे आढळला तरी प्रश्न संपत नाही. ६७पी या धूमकेतूवरही डायमिथाइल सल्फाइड आढळल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजेच ते निर्जीव प्रक्रियेतूनही निर्माण होऊ शकते. अतिनील किरणांमुळे पाण्याच्या वाफेचे विघटन होऊन ऑक्सिजनही साचू शकतो. म्हणून एकट्या वायूपेक्षा ऑक्सिजन व मिथेन यांचे सहअस्तित्व अधिक अर्थपूर्ण मानले जाते. हे वायू परस्परांना नष्ट करतात. ते एकत्र टिकण्यासाठी त्यांचा अखंड पुरवठा आवश्यक असतो.

समारोप
वायू खरोखर आहे काय आणि जीवनाविना तो निर्माण होऊ शकतो काय, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर हे दुसऱ्याचे उत्तर नव्हे. हा भेद विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे, हे विज्ञानाच्या अध्यापकाचे कर्तव्य ठरते.