वडीलधाऱ्यांच्या अंगावरील गाठ : आधी पारख, मग उपचार

सराफ्यातील जाणता व्यापारी सोने केवळ रंगावरून घेत नाही; ते कसाला लावून पाहतो. घरातील वृद्धांच्या प्रकृतीविषयीही हीच सावधगिरी असावी, असे आम्हांस वाटते.

मान, काख अथवा जांघ येथे न दुखणारी गाठ येते व महिना लोटला तरी ओसरत नाही. कणकण येते, रात्री घामाने अंथरूण भिजते, वजन उतरते. घरची मंडळी म्हणतात, वय झाले, चातुर्मासातील उपवासांनी अंग उतरले. परंतु हीच लक्षणे लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची, असू शकतात. लंडनच्या डॉ. टॉमस हॉजकिन यांनी १८३२ साली यांतील एका प्रकाराचे वर्णन केले. आज अनेक प्रकार ज्ञात असून त्यांचे उपचार निरनिराळे आहेत.

आपल्या देशात क्षयही असेच रूप घेऊन येतो. म्हणून गाठ तपासल्यावाचून अंदाजाने क्षयाची औषधे चालू ठेवल्यास मोलाचे महिने वाया जाऊ शकतात. स्टेरॉइडने गाठ तात्पुरती विरते आणि पुढील निदान अवघड होते.

मग तपासणी कोणती? रक्तगणना, एल.डी.एच., मूत्रपिंड व यकृताच्या तपासण्या उपयुक्त खऱ्या. पण रक्त निर्दोष आले म्हणजे लिम्फोमा नाही, असे नव्हे. बारीक सुईने काढलेल्या पेशींवरून शंका येते, परंतु ग्रंथीची रचना दिसत नाही. शक्य तेथे संपूर्ण गाठ काढून बायॉप्सी करावी. गाठ खोल असल्यास जाड सुईने तुकडा घ्यावा. त्यावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री केल्याने प्रकार ठरतो. क्षयाच्या जंतूंच्या तपासणीसाठी थोडा भाग फॉर्मलिनमध्ये न घालता वेगळा ठेवावयाचा असतो. हे शल्यचिकित्सकास आधीच विचारावे.

“म्हातारपणी कापाकापी कशाला?” हा प्रश्न प्रेमापोटीच येतो. तथापि वरवरची गाठ पुष्कळदा तेवढीच जागा बधिर करून काढता येते. निदानानंतर पेट-सीटी, हिपॅटायटिस बी व एचआयव्ही यांच्या तपासण्या, तसेच हृदयाची इकोकार्डिओग्राफी करतात. कारण काही औषधे हृदयास जड जातात. केवळ वयाकडे पाहून उपचार नाकारू नयेत.

आपल्या इंदुरात १९४८ साली स्थापन झालेले महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय व त्यास संलग्न महाराजा यशवंतराव रुग्णालय आहे. दुसरे मत हवे असल्यास मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या संस्थेत बायॉप्सीचा मेणठोकळा व काचपट्ट्या नेता येतात. खतपत्राप्रमाणे त्या जपून ठेवाव्यात, अशी आमच्या सभासद बंधुभगिनींस विनंती आहे.