तळपायाचा डाग आणि अडलेले आतडे

आतडे अडण्याची नेहमीची कारणे मागच्या भागात पाहिली : जुन्या शस्त्रक्रियेनंतर आतडी एकमेकांना चिकटणे, हर्निया आणि आपल्याकडे विशेषकरून आतड्याचा क्षयरोग. आजचे कारण दुर्मीळ आहे. तरी त्यावर एक पूर्ण भाग खर्च करतो आहे, कारण त्याची पहिली खूण पोटात नसते. आपल्या लोकांत ती बऱ्याचदा पायाला असते. मेलानोमा हा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. दुसरीकडून येऊन लहान आतड्यात रुजणाऱ्या कर्करोगांत तो आघाडीवर आहे. त्याने दगावलेल्यांच्या शवविच्छेदनात निम्म्याहून अधिक जणांच्या पचनमार्गात गाठी सापडल्याच्या नोंदी आहेत. हयातीत मात्र शंभरातल्या जेमतेम दोन ते पाच जणांत त्या कळतात. बऱ्याच गाठी त्रास देत नाहीत, हे खरे. पण ज्या देतात, त्यांचाही त्रास ओळखला जात नाही.

असे का होते? गाठ आतड्याच्या भिंतीत वाढते आणि पोकळीत लोंबू लागते. अन्न पुढे सरकवणारी आतड्याची हालचाल तिलाही ओढते, आणि सदऱ्याची बाही आत दुमडावी तसा आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो. मग थांबून थांबून कळा येतात, उलट्या होतात, पोट फुगते, शौच आणि वायू दोन्ही बंद होतात. लहान मुलांत आतडे असे शिरते तेव्हा आत गाठ बहुधा नसते. मोठ्या माणसात ती बहुतेकदा असते, म्हणून शोधलीच पाहिजे. अडण्याआधी कित्येक महिने गाठीतून थोडे थोडे रक्त झिरपते. माणूस फिका पडतो, थकतो. जव्हार-मोखाड्यात रक्त कमी असणे इतके सर्रास आहे की लोहाच्या गोळ्या देऊन विषय संपतो. त्या गोळ्यांनीही शौच काळी होते, त्यामुळे रक्ताची काळी शौच तिच्याआड लपते.

सावळ्या कातडीला हा रोग होत नाही, असा आक्षेप येईल. उन्हाने होणारा मेलानोमा आपल्याकडे खरेच कमी आहे. पण तळपाय, तळहात आणि नखाखाली होणाऱ्या प्रकाराचा उन्हाशी फारसा संबंध नाही. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो 1977 मध्ये सापडला. फुटबॉल खेळताना झालेली इजा म्हणून ती जागा आधी दुर्लक्षिली गेली होती. 1981 मध्ये, वयाच्या 36व्या वर्षी ते गेले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : क्षय आणि कुपोषण समोर असताना इतक्या दुर्मीळ रोगासाठी आरोग्य केंद्राने वेळ का द्यावा? वेगळी मोहीम मीही मागत नाही. कुष्ठरोगाच्या शोधासाठी आशाताई घरोघरी अंगावरचे चट्टे पाहतातच. त्याच वेळी तळवेही पाहावेत. चिखलात अनवाणी आवणी करणाऱ्याच्या पायाला काटा, भोवरी, कुरूप नेहमीचेच, आणि तळव्यावरचे बहुतेक डाग निरुपद्रवी असतात. पण पसरत जाणारा, वेड्यावाकड्या कडेचा डाग, नखातून शेजारच्या कातडीवर उतरलेला काळेपणा किंवा काही आठवडे न भरणारी जखम डॉक्टरला दाखवलीच पाहिजे. रोग आतड्यात पोचल्यावर काही उपाय नाही, हेही पूर्ण खरे नाही. शस्त्रक्रियेने अडथळा दूर होतो, आणि 2011 नंतर आलेल्या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांनी काहींचे आयुष्य वाढले आहे. ती महाग आहेत, आणि तळव्याच्या प्रकारावर त्यांचा गुण कमी येतो. म्हणूनच पायावर असतानाच हा रोग पकडण्याला इतके मोल आहे.

तळव्यावरची गाठ काढल्यावर कित्येक वर्षांनीही हा रोग आतड्यात उगवू शकतो. जामसरच्या पाड्यांवरून दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या माणसाचे पोट दूरच्या एखाद्या दवाखान्यात अडले, तर तिथल्या डॉक्टरला त्या जुन्या गाठीची कल्पनाही नसते. तेव्हा काढलेली कोणतीही गाठ तपासणीला पाठवायला सांगा, तिचा रिपोर्ट रेशनकार्डासोबत जपा, आणि पोट अडले तर तो कागद डॉक्टरच्या हातात आधी द्या.